‘वीर’ ठरवले, वाचायचे राहिले

अमरावतीच्या वामन गोपाळ जोशी (१८८१–१९५६) यांना आपण ‘वीर वामनराव’ म्हणतो. माझी तक्रार या पदवीविषयीच आहे. एखाद्याला वीर ठरवले की त्याला हार घालायचा असतो. त्याचे लेखन वाचण्याचे बंधन उरत नाही.

वाङ्मयेतिहासात ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ (१९१३) आणि ‘रणदुंदुभी’ (१९२७) या नाटकांपुरती त्यांना जागा मिळते, तीही खाडिलकरांच्या मागच्या रांगेत. त्यातून स्मरणात उरतात ती दीनानाथांनी गायलेली पदे. ‘स्वतंत्र हिंदुस्थान’ या साप्ताहिकाच्या संपादकाची रवानगी मात्र राजकीय इतिहासाकडे होते.

ही वाटणीच चुकीची आहे. १९१० च्या मुद्रण कायद्याने वृत्तपत्रांचा गळा आवळला. त्याच वर्षी ‘कीचकवधा’वर बंदी आली. अशा काळात संगीत नाटक लिहिणे हे राजकारणापासून दूर जाणे नव्हते. जे उघड छापता येत नव्हते ते काल्पनिक राज्याच्या आडून बोलणे होते.

परसत्तेखालचा पत्रकार अशा वाटा शोधतोच. उस्मानी साम्राज्यात अल्बानियन छपाईवर निर्बंध असताना फाइक कोनित्साने १८९७ मध्ये ब्रुसेल्सहून ‘अल्बानिया’ हे नियतकालिक काढले. आज आधुनिक अल्बानियन गद्याचा विचार त्याला वगळून होत नाही. आपण मात्र पत्रकारिता वेगळी, साहित्य वेगळे असे मानून मोकळे होतो.

यावर ठरलेला आक्षेप असा, की हे लेखन प्रचारकी आहे. असेलही; पण तो निष्कर्ष वाचनानंतर यावा, वाचनाऐवजी नव्हे. शिवाय शिवरामपंत परांजप्यांचे ‘काळ’मधील निबंध तरी कशासाठी लिहिले गेले होते? त्यांचे ग्रंथ झाले, सरकारने ते जप्त केले, आणि आपण त्यांना निःसंकोच साहित्य म्हटले. म्हणजे कसोटी गुणवत्तेची आहे की पुठ्ठ्याच्या बांधणीची?

वऱ्हाडातल्या प्राध्यापकांनी तरी या प्रश्नाला बगल देऊ नये. अमरावती-अकोल्याच्या विद्यार्थ्याला ‘रणदुंदुभी’ आणि वामनरावांचे अग्रलेख शेजारी ठेवून वाचायला लावा. दोन्हींत एकच वाक्यरचना, एकच आवेश, एकच मर्यादा सापडते का, हे त्याला तपासू द्या. कदाचित वामनराव सामान्य लेखक ठरतील. तसे ठरले तरी चालेल. न वाचता केलेल्या गौरवापेक्षा वाचून केलेली टीका त्यांना अधिक मानाची आहे.