करवतीचा काठ आणि बर्फातला सिंह

नवेगाव बांधला कशासाठी जायचं, असं कुणालाही विचारा. उत्तर ठरलेलं असतं. तळं बघायला, पक्षी बघायला आणि नशीब जोरावर असेल तर वाघ बघायला! बरोबरच आहे म्हणा. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं हे तळं काही साधंसुधं नाही. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी ते बांधलं. सुमारे ११ चौरस किलोमीटर पाणी, भोवती डोंगर आणि डोंगरांवर दाट झाडी. इथलं जंगल १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झालं आणि २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आलं.

पण आज दुर्बीण पिशवीतच राहू द्या. आज आपल्याला शोधायची आहे नक्षी. नेसायची, अंथरायची, घरात मांडायची नक्षी. ती मुळात येते कुठून, ते बघू या.

आधी गावातच हिंडू. जुन्या धाटणीचं मातीचं घर दिसलं की थांबा. एकदम आत डोकावू नका हं, घरातल्या काकूंना विचारा. ओसरी नुकतीच शेणानं सारवली असेल, तर खाली वाकून तिरप्या नजरेनं जमिनीकडे बघा. बोटांचे अर्धगोल एकात एक गुंतलेले दिसतील, थेट माशाच्या खवल्यांसारखे. ही नक्षी मुद्दाम कुणी काढलेली नसते. सारवणाऱ्या बाईचा हात जेवढा फिरतो तेवढा अर्धगोल होतो, मग ती जराशी मागे सरकते आणि दुसरा सुरू. आता वर छपराकडे बघा. तिथं कवेलू आहेत. (कौलाला इकडे कवेलू म्हणतात.) तेही एकावर एक चढवलेले, खवल्यांसारखेच! पावसाचं पाणी आत शिरू नये म्हणून. आणि भिंतीला टेकवलेलं ते सूप? बांबूची पट्टी दोन पट्ट्यांवरून जाते, दोन पट्ट्यांखालून जाते, पुढच्या ओळीत एक घर सरकून पुन्हा तसंच. म्हणून त्यात तिरप्या रेघा उमटतात. म्हणजे काम करता करताच नक्षी होऊन गेली.

आता जंगलाकडे चला. ऐन आणि अर्जुन ही झाडं गाईडकाकांकडून नीट ओळखून घ्या. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली असते, तर अर्जुनाची गुळगुळीत, फिकट. या दोन्ही झाडांच्या पाल्यावर टसरची अळी वाढते. हिरवीगार, चांगली बोटाएवढी जाड आणि भारी खादाड! महिनाभराहून जास्त दिवस पाला खाल्ला की ती स्वतःभोवती कोश विणते. लहानशा अंड्याएवढा, टणक कोश. गंमत म्हणजे त्याला देठ असतो आणि त्या देठानं तो फांदीला पक्का बांधलेला असतो. लांबून वाटतं, झाडाला फळच लागलंय. विदर्भात या रेशमाला कोसा म्हणतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली या भागात ढिवर समाजातली कितीतरी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली आहेत. पावसाळा लागला की अळ्या झाडांवर सोडायच्या आणि मग दिवसभर राखण. पक्षी टपलेले, मुंग्या टपलेल्या. एक डुलकी महागात पडते.

तुमच्यातलं कुणीतरी विचारणारच, की आतल्या किड्याचं काय होतं? धागा काढण्यासाठी कोश उकळतात आणि आतला जीव मरतो. पुढच्या पिकासाठी काही कोश राखून ठेवतात, त्यांतून पतंग बाहेर येतात. त्यांच्या चारी पंखांवर डोळ्यांसारखे गोल ठिपके असतात. रेशीम हवं की नको, यावर घरात वाद होईल. होऊ द्या. पण साडीच्या किमतीत काय काय असतं, हे माहीत असलेलं बरं.

या कोशातून निघालेला धागा मधाच्या रंगाचा असतो. तो शेजारच्या भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगाव अशा गावांतल्या हातमागांवर पोचला आणि त्याची झाली करवतकाठी साडी. कुणी करवती काठाची साडी म्हणतं. मधलं अंग टसरचं, थोडं खरखरीत, मंद चमकणारं. काठ मात्र सुती, लाल, काळा किंवा जांभळा. आणि काठ अंगाला भेटतो तिथं सरळ रेघ नसते. करवतीचे दात असतात!

हे दात वरून भरलेले किंवा छापलेले नसतात. मागावर एरवी एकच धोटा इकडून तिकडे पळतो आणि आडवा धागा टाकत जातो. इथं तीन धोटे लागतात. एक डाव्या काठाचा, एक मधल्या अंगाचा, एक उजव्या काठाचा. अंगाचा धागा काठापाशी येतो, काठाच्या धाग्यात अडकतो आणि माघारी फिरतो. म्हणजे दोघं जणू हातात हात घालून आपापल्या घरी जातात. कुठल्या ओळीत कुणी किती पुढे यायचं, हे ठरलेलं असतं. एका ओळीत काठ थोडा पुढे, पुढच्या ओळीत आणखी थोडा, मग मागे मागे. झाला एक दात. काठाच्या पूर्ण लांबीत असे किती दात होतील, करा हिशोब!

अशा त्रिकोणी दातांचा काठ दुसरीकडेही विणतात बरं का. दुकानदार त्याला ‘टेंपल बॉर्डर’ म्हणतात, कारण त्यांना त्यात देवळाचं शिखर दिसतं. ओडिशात त्याला कुंभ म्हणतात. आपल्या झाडीच्या मुलखात मात्र त्या त्रिकोणात करवत दिसली. जिथं चारी बाजूंना लाकूड आहे तिथं करवतच आठवणार, असा आपला माझा तर्क. पैठणीचा नारळी काठ घ्या, रुईफुलाचा काठ घ्या, इरकली साडीचा गोमी काठ घ्या. हो, गोमी म्हणजे तीच, भिंतीवरून सरसर पळणारी गोम! नारळ, रुई, गोम, करवत. काठांना नावं देणाऱ्यांना परसदारी जे दिसलं, तेच काठावर येऊन बसलं.

पण समजा, तुमचं परसदारच सुटलं तर? घर, गाव, डोंगर, सगळं मागे ठेवून निघावं लागलं तर नक्षीचं काय होतं?

याचं उत्तर शोधायला लांब जायला नको. याच अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची एक वसाहत आहे. तिचं नाव नोर्ग्येलिंग. १९५९ साली दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी कुटुंबं हिमालय ओलांडून आली. सुरुवातीला त्यांतल्या पुष्कळांनी डोंगरात रस्ते बांधायची कामं केली. पुढे भारतात ठिकठिकाणी त्यांच्या वसाहती झाल्या, त्यांपैकी ही एक, १९७२ सालची. तेव्हा गोंदिया हा वेगळा जिल्हा नव्हता, तो १ मे १९९९ रोजी झाला. म्हणून जुन्या कागदांत या वसाहतीचा पत्ता भंडारा जिल्हा असाच सापडतो. हिवाळ्यात तुमच्या शहरात रस्त्याकडेला स्वेटरची दुकानं लावणारे तिबेटी काका-मावशी असतात ना, ते अशाच कुठल्यातरी वसाहतीतून आलेले असतात.

विचार करा, कुठं तिबेटचं बर्फाळ पठार आणि कुठं आपला पूर्व विदर्भ! इथं वैशाखात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. घराच्या भिंती वेगळ्या, शेतातलं पीक वेगळं, पाऊस वेगळा. पण तिबेटी लोकांच्या हातात एक कला होती, गालिचे विणण्याची. ती त्यांनी बरोबर आणली आणि भारतातल्या त्यांच्या वसाहतींत गालिच्यांचे माग उभे राहिले. या वसाहतीतही लोकरीचे गालिचे विणले गेले.

तिबेटी गालिच्याची रीत न्यारी आहे. माग उभा असतो आणि विणणारी बाई त्याच्यासमोर बसते. उभ्या धाग्यांवर ती एक सळई आडवी धरते आणि लोकरीचा धागा उभ्या धाग्यांत गुंतवत, सळईला वेढे देत जाते. ओळ पूर्ण झाली की सुरीनं ते वेढे सळईवरच कापायचे. टोकं मोकळी होतात आणि मऊ लव तयार होते. मग ठोकून ओळ घट्ट करायची आणि पुढची ओळ. साधारण तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब गालिच्याला तिबेटी लोक ‘खादेन’ म्हणतात. तो भिंतीवर टांगायला नसतो, त्यावर बसायचं आणि झोपायचं. थंडीच्या देशात तीच गादी.

आणि त्यावर चित्रं कसली? ढग, कमळं, ड्रॅगन आणि बर्फातला सिंह. पांढराशुभ्र, निळ्या-हिरव्या आयाळीचा. असा सिंह खरा कुठंच नाही, तो तिबेटच्या गोष्टींतला. काही जुन्या गालिच्यांवर वाघाचे पट्टे असतात, नुसतेच पट्टे, जणू वाघाचं कातडं अंथरलंय. ती नक्षी तिबेटमधली आणि इथं बाजूच्याच जंगलात खरोखरचे पट्टेरी वाघ! मला ही गोष्ट फार आवडते. या वसाहतीत जन्मलेल्या मुलांनी बर्फाचे डोंगर आजीच्या गोष्टींतून ऐकले आणि गालिच्यावर बघितले. घर उचलून आणता येत नाही. बोटांना पाठ झालेली नक्षी मात्र येते.

तिकडे करवतकाठीची माणसं आपल्याच गावात आहेत, तरी त्यांची नक्षी अडचणीत आहे. हातमागावर एक साडी विणायला कित्येक दिवस जातात. तोच काठ यंत्रावर छापून काही मिनिटांत निघतो आणि स्वस्तात विकला जातो. मग विणकराच्या मुलानं मागावर का बसावं? हा प्रश्न त्या घरांमध्ये खरोखर विचारला जातो आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. तुम्हाला निदान फरक ओळखता यायला हवा. साडी उलटी करून बघा. छापील असेल तर मागची बाजू फिकी दिसते. विणलेल्या काठाचे दात मागूनही तितकेच ठळक दिसतात. मग डोळे मिटून हात फिरवा. टसर आणि सूत बोटांना वेगवेगळं लागतं.

आई-बाबांनो, आता जरा तुमच्याशी. घर नव्यानं सजवायचं ठरलं, की कुणीतरी म्हणतंच, आजीची जुनी साडी काढा, उशांचे अभ्रे छान होतील. काठ कापून पडद्याला लावा. माझं मत विचाराल तर साडी धड असेल तोवर कात्री दूर ठेवा. रेशीम घडीवर विरतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदला आणि मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा. अंग अगदीच विरलं असेल तर मात्र खुशाल कापा. पण कापण्याआधी ती आजीसमोर पूर्ण उलगडा आणि ती कुणी आणली, कधी नेसली, हे मुलांना ऐकू द्या. आजी नको म्हणाली, तर विषय तिथंच संपला.

आणि मुलांनो, काठ तर न कापताही मिळवता येतो! गणिताची चौकटींची वही घ्या. तळाच्या ओळीत सलग सात घरं लाल रंगवा. वरच्या ओळीत दोन्ही बाजूंचं एकेक घर सोडून पाच, मग तीन, मग एक. झाला करवतीचा दात. त्याला चिकटून पुढचा दात सुरू करा. पानभर काठ तयार झाला की तो साध्या सुती पडद्याच्या कडेला पेन्सिलीनं उतरवा आणि आईच्या, बाबांच्या किंवा आजोबांच्या मदतीनं लाल दोऱ्यानं टाके घाला. (सुई बोटात जाईल, रडायचं नाही.)

मग दुसरं पान घ्या. यावर करवत नको, तुमच्याच घरातलं काहीतरी हवं. खिडकीचे गज, गोधडीचे टाके, किसणीची भोकं, बाबांच्या सायकलची साखळी, काहीही. ते चौकटींत बसवा आणि काठाला एक नाव द्या. नाव घरातल्या सगळ्यांना पटायला हवं. पानाच्या मागे लिहा, ही नक्षी घरात नेमकी कुठं सापडली आणि ती सगळ्यात आधी कुणाला दिसली.