शरीराची शाळा : लपलेला सुळा सापडतो कसा?

मुलांनो, आज वाचायला बसण्याआधी एक छोटंसं काम करा. आरशासमोर उभे राहा, मोठा आ करा आणि वरचे दात नीट बघा. मधोमध दोन मोठे पटाशीचे दात. त्यांच्या दोन्ही बाजूंना जरा लहान असे आणखी दोन. आणि त्यांच्या शेजारी टोकदार सुळे. दिसले दोन्ही सुळे?

काही मुलांना एकच दिसेल. बारा-तेरा वर्षं पूर्ण झाली, वर्गातल्या सगळ्यांचे सुळे आले, पण आपल्याकडे एका बाजूला नुसती फटच! किंवा दुधाचा इवलासा सुळा अजून घट्ट बसलेला. आता हा दात पडलेला नाही, कुणी काढलेलाही नाही. मग तो गेला कुठे?

बहुतेक वेळा तो कुठेच गेलेला नसतो. तो जबड्याच्या हाडातच अडकून पडलेला असतो.

माणसात सगळ्यात जास्त वेळा अडकते ती अक्कलदाढ. पण ती सतराव्या वर्षानंतरची, म्हणजे ताई-दादांची डोकेदुखी. त्या खालोखाल नंबर लागतो वरच्या सुळ्याचा, आणि तो मात्र तुमच्या वयाचा प्रश्न आहे. शंभरातल्या एखाद-दोघांचा सुळा असा अडकतो. कारण त्याचा प्रवास फार लांबचा. तो तयार होतो नाकाच्या बाजूला, पार वरती. तिथून हळूहळू खाली उतरत साधारण अकराव्या-बाराव्या वर्षी हिरडीतून डोकं बाहेर काढतो. तोपर्यंत शेजारच्यांनी जागा अडवलेली असली, किंवा याचीच वाट चुकली, की स्वारी आडवी-तिडवी होऊन आतच बसते.

बसली तर बसू दे की, असं वाटेल तुम्हाला. पण आत अडकलेला सुळा कधी कधी शेजारच्या चांगल्या दाताच्या मुळावर रेलतो आणि ते मूळ हळूहळू झिजत जातं. गंमत म्हणजे दुखत काहीच नाही! दुखत नाही म्हणून कुणी दवाखान्यात जात नाही, आणि कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून हा सुळा शोधून काढावा लागतो.

शोधाची पहिली पायरी अगदी सोपी, डॉक्टरांचं बोट! दहा वर्षांच्या मुलाच्या ओठामागे, वरच्या हिरडीवर बोट फिरवलं की उतरणाऱ्या सुळ्याचा उंचवटा बहुधा हाताला लागतो. एका बाजूला लागला आणि दुसऱ्या बाजूला नाही, की डॉक्टर सावध होतात. मग पुढची पायरी, एक्स-रे.

विल्हेल्म राँटगेन या जर्मन शास्त्रज्ञाला क्ष-किरणांचा शोध लागला तो ८ नोव्हेंबर १८९५ रोजी. डिसेंबरअखेर त्यांनी तो जगाला सांगितला आणि त्यानंतर महिना उलटायच्या आत, जानेवारी १८९६ मध्ये, ऑटो वाल्कहोफ या जर्मन दंतवैद्यानं स्वतःच्याच दातांचा फोटो काढला. त्यासाठी ते तब्बल २५ मिनिटं न हलता थांबले होते! आज हेच काम सेकंदाच्या छोट्याशा भागात होतं.

पण या फोटोत एक अडचण आहे. एक्स-रे म्हणजे शेवटी सावली. भिंतीवर दोन मुलांच्या सावल्या एकमेकींवर पडल्या, तर पुढे कोण आणि मागे कोण हे सावलीवरून सांगता येईल? नाही ना? तसंच इथे. सुळा आत आहे हे फोटोत दिसतं, पण तो ओठाच्या बाजूला आहे की टाळूच्या, हे कळत नाही. आणि डॉक्टरांना नेमकं तेच हवं असतं. हिरडी कुठून उघडायची, ओठाकडून की टाळूकडून? चुकीच्या बाजूनं उघडली तर दात सापडणार नाहीच, वर पोराला फुकटची जखम.

यावर एक युक्ती निघाली. ती समजून घ्यायला आपण एस.टी.त बसू. गाडी यावलहून फैजपूरमार्गे रावेरकडे निघाली आहे आणि तुम्हाला डावीकडची खिडकी मिळाली आहे. रस्त्याकाठच्या केळीच्या बागा भराभर मागे पळतात. आणि लांबचा सातपुडा? तो मात्र आपल्या गाडीबरोबरच चालल्यासारखा वाटतो. जवळचं उलट दिशेला जातं, लांबचं आपल्याबरोबर येतं. तुम्ही हे शंभरदा पाहिलं असेल.

सी. ए. क्लार्क यांनी १९१० साली हीच गोष्ट दातांसाठी वापरून दाखवली. एक फोटो काढायचा. मग एक्स-रेची नळी थोडी बाजूला सरकवून दुसरा काढायचा. आता दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघायचं. शेजारच्या दातांच्या तुलनेत सुळा नळीच्या दिशेनंच सरकलेला दिसला, तर तो सातपुडा! म्हणजे नळीपासून लांब, टाळूच्या बाजूला. उलट दिशेला सरकलेला दिसला, तर तो केळीची बाग, म्हणजे जवळ, ओठाच्या बाजूला. दोन साध्या सावल्यांवरून पुढचं-मागचं कळलं! शंभर वर्षं उलटून गेली, तरी दातांचे डॉक्टर ही युक्ती आजही वापरतात.

करून पाहा : दोन पेन्सिली एकीमागे एक अशा उभ्या धरा. एक डोळा मिटा, म्हणजे मागची पेन्सिल पुढचीच्या आड जाईल. आता हात न हलवता डोकं उजवीकडे सरकवा. मागची पेन्सिल कोणत्या बाजूनं बाहेर डोकावली? उजव्या ना? झालात तुम्ही क्लार्क!

पुढे आणखी यंत्रं आली. १९५० च्या सुमारास फिनलंडमधल्या पाटेरो या दंतवैद्यानं चेहऱ्याभोवती फिरणारं यंत्र विकसित केलं. आपण हनुवटी टेकवून उभं राहायचं, यंत्र डोक्याभोवती फेरी मारतं आणि दोन्ही जबडे, सगळे दात एकाच लांबट फोटोत उमटतात. याला डॉक्टर 'ओपीजी' म्हणतात. सगळ्या दातांची हजेरी घ्यायला हा फोटो उत्तम. पण तोही सपाटच.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस इटली आणि जपानमधल्या संशोधकांनी 'सीबीसीटी' हे तंत्र पुढे आणलं. यात किरणांचा झोत शंकूच्या आकाराचा असतो. तो डोक्याभोवती फिरताना शेकडो फोटो घेतो आणि संगणक त्यातून जबड्याचं घन चित्र उभं करतो. मग कलिंगडाच्या फोडी कराव्यात तसं ते चित्र पडद्यावर हवं तिथे कापून बघायचं. सुळा किती तिरका आहे, शेजारच्या मुळाला टेकलाय का, मूळ झिजलंय का, सगळं समोर!

मग सगळ्यांचा सीबीसीटीच का काढत नाहीत? आई-बाबांनी हा भाग जरूर वाचावा. जमीन, हवा आणि आकाशातून आपल्याला रोज थोडे नैसर्गिक किरण मिळतच असतात. दाताचा एक छोटा एक्स-रे म्हणजे जेमतेम एका दिवसाचे किरण. ओपीजी म्हणजे दोन-चार दिवसांचे. सीबीसीटीचा हिशेब मात्र आठवड्यांत जाऊ शकतो. वाढत्या वयात किरण जपूनच वापरायचे. म्हणून आधी बोट, मग साधा फोटो, आणि त्यानं भागलं नाही तरच मोठं यंत्र. डॉक्टरांनी फोटो सांगितला तर घाबरू नका, पण "यातून काय कळणार?" हे अवश्य विचारा. तो तुमचा हक्क आहे.

आता आपल्या शेजारच्याच बुलढाणा जिल्ह्यातली गोष्ट. तिथल्या एका सतरा वर्षांच्या मुलाचा उजवा गाल दीड वर्ष सुजलेला होता. गावाकडे कारण कळेना. शेवटी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्याच्या खालच्या जबड्यात गाठ सापडली. जुलै २०१४ मध्ये डॉ. सुनंदा धिवरे-पालवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळजवळ सात तास शस्त्रक्रिया केली. गाठीत काय निघालं असेल? लहानमोठे २३२ दात! दात तयार होण्याच्या जागीच काही बिघडलं, की अशी गाठ होते. ती कॅन्सरची नसते. चेन्नईतही २०१९ साली सात वर्षांच्या मुलाच्या एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये अशीच गाठ दिसली, आणि तिच्यातून दातांसारखे ५२६ तुकडे निघाले. इतकी मोठी गाठ फार विरळा. पण छोटीशी गाठसुद्धा सुळ्याची वाट अडवू शकते, आणि ती आरशात कधीच दिसत नाही.

सुळा सापडला की पुढे काय? वेळेवर कळलं तर कधी कधी नुसता दुधाचा सुळा काढला, तरी आतला वाटेवर येतो. नाहीतर हिरडीत छोटी खिडकी करून त्याला बारीकशी कडी चिकटवतात आणि दातांच्या तारेनं हळूहळू जागेवर ओढून आणतात. याला अनेक महिने लागतात, पण तुमचा स्वतःचा दात तुम्हाला परत मिळतो.

दंत महाविद्यालयांत दातांच्या फोटोंसाठी वेगळा विभाग असतो आणि वाकडे दात सरळ करणाऱ्यांचाही. धुळ्याला एसीपीएम दंत महाविद्यालय आहेच, त्यामुळे खान्देशातल्या मुलांना त्यासाठी मुंबई-पुणं गाठायची गरज नाही.

तेव्हा या रविवारचा गृहपाठ असा : घरातल्या दहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येकाचे वरचे दात तपासा. डावी-उजवी बाजू सारखी आहे का ते वहीत लिहा. बारा वर्षं पूर्ण होऊनही एका बाजूचा सुळा आला नसेल, किंवा गालावर न दुखणारी सूज असेल, तर वही आई-बाबांना दाखवा आणि दवाखान्यात चला म्हणून मागे लागा. या बाबतीत हट्ट केलेला चालेल!