सीसी नंतर बघा, वजन आधी

जुन्या स्पोर्ट्‌स कारमध्ये मोठं इंजिन बसवायचं मनात असेल, तर गॅरेज गाठण्याआधी एमजी कंपनीनं स्वतःच केलेले दोन प्रयोग समजून घ्या. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून 1962 ते 1980 पर्यंत एमजीबी ही दोन दारांची गाडी निघत होती. इंजिन 1798 सीसीचं, चार सिलिंडरचं, ओतीव लोखंडाचं. टिकाऊ, पण पिकअप बेताचाच. म्हणून 1967 मध्ये कंपनीनं त्याच बॉडीत 2912 सीसीचं सहा सिलिंडरचं इंजिन घातलं आणि गाडीला एमजीसी नाव दिलं. हे इंजिन आधीच्यापेक्षा सुमारे 95 किलोंनी जड. त्यासाठी बॉनेटला फुगवटा काढावा लागला, पुढचं सस्पेन्शनही बदलावं लागलं. सरळ रस्त्यावर गाडी झकास, वळणावर मात्र तोंडाला जड, अशी तिची ख्याती झाली. दोन वर्षांत ती बंद पडली.

पुढे 1973 मध्ये त्याच एमजीबीच्या बंद टपाच्या गाडीत रोव्हरचं 3528 सीसीचं व्ही-8 बसलं. केन कॉस्टेलो नावाचा गृहस्थ हा उद्योग कंपनीच्या आधीपासूनच करत होता, हे विशेष. हे इंजिन ॲल्युमिनियमचं; सिलिंडर दुप्पट, पण वजन साधारण जुन्या चार सिलिंडरवाल्याइतकंच. ताकद 137 अश्वशक्ती, म्हणजे एमजीसीच्या 145 पेक्षा कमीच! तरीही हौशी लोक आजही व्ही-8 च्याच मागे धावतात. माझ्या मते हा फरक वजनाचा आहे. तेव्हा मिस्त्री सीसी सांगायला लागला की त्याला आधी किलो विचारा.

इंजिन बसलं की काम संपलं, असं सांगणाऱ्यापासून चार हात लांबच राहा. व्ही-8 साठी कंपनीनं ब्रेकच्या डिस्क जाड केल्या, रेडिएटर मोठा करून पुढे सरकवला, त्याला विजेचे दोन पंखे दिले, मागच्या ॲक्सलचे दातेही बदलले. तुमच्या कोटेशनमध्ये यातलं काय काय धरलंय? आणखी एक जागा नीट बघा. व्ही-8 मध्ये दोन्ही बाजूंनी एक्झॉस्टच्या नळ्या उतरतात आणि स्टिअरिंगचा दांडा त्यांच्या अगदी जवळून जातो. इंजिन रबराच्या माउंटिंगवर हलतं, त्यामुळे गाडी उभी असताना दिसणारी फट चालताना उरतेच असं नाही. नळी दांड्याला घासली तर जीवाशी गाठ आहे.

ब्रिटनमध्ये अशी गाडी बाळगणाऱ्या मराठी मंडळींनी इंजिन बदलल्याची नोंद वाहन खात्याकडे करायलाच हवी, आणि इन्शुरन्स कंपनीलाही कळवायला हवं. ‘कशाला सांगायचं, प्रीमियम वाढेल’ हा शहाणपणा अपघातानंतर फार महागात पडतो.

भारतात तर मी सरळ नको म्हणेन. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आरसीवरच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करू देत नाही. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन बसवता येतं, तेही रीतसर परवानगीनं. सर्वोच्च न्यायालयानंही 2019 मध्ये हेच बजावलं. शिवाय 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेजची नोंदणी हवी असेल, तर इंजिन, चासी आणि बॉडीत मोठा फेरफार झालेला चालत नाही. हौसेपोटी ही वाट का बंद करून घ्यायची?

त्यापेक्षा आहे त्या इंजिनाचं कॉम्प्रेशन तपासा, व्हॉल्व्ह घासून घ्या, दोन कार्ब्युरेटर असतील तर दोन्ही सारखीच हवा ओढतात का ते जाणकाराकडून जुळवून घ्या. गाडी ओढत नाही म्हणून इंजिन बदलायला निघालेल्यांनी हे आधी करून बघावं. खर्चही त्यामानानं किरकोळ. आणि एवढं सांगूनही परदेशात कायदेशीरपणे इंजिन बदलणारच असाल, तर जुनं भंगारात घालू नका. नंबर ठोकलेला तो ब्लॉक तेल लावून, नीट गुंडाळून घरीच ठेवा. उद्या गाडी विकायला काढाल, तेव्हा गिऱ्हाईक पहिल्यांदा त्याचीच चौकशी करेल.