आकाशाची धग आणि आपला बलून

दोडामार्गात रमजान किंवा ईद पावसाळ्यात आली की चाँद दिसण्याची आशा आम्ही सोडूनच देतो. बाहेरगावाहून खबर येते आणि महिना सुरू होतो. ढगांचा अडथळा निदान डोळ्यांना दिसतो तरी. पण आभाळ निरभ्र असतानाही हवेत जी वाफ असते, ती अवरक्त किरणांनी आकाश पाहणाऱ्यांना फार छळते.

ही वाफ दूरच्या वायुमेघांतून येणारे अवरक्त किरण शोषून घेते, शिवाय स्वतः उबदार असल्याने त्याच किरणांत झळकते. म्हणजे भर दुपारी चांदणी शोधण्यासारखे हे काम.

म्हणून नासा आणि जर्मन अवकाश संस्थेने बोइंग ७४७ विमानात २.७ मीटरचा आरसा बसवला. त्याचे नाव 'सोफिया'. १२ ते १४ किलोमीटर उंचीवर ९९ टक्क्यांहून अधिक वाफ खाली राहते. उरलेल्या धगेसाठी दुर्बिणीचा छोटा आरसा सेकंदाला अनेकदा हलवून एकदा तारा, एकदा शेजारचे रिकामे आकाश पाहायचे आणि वजाबाकी करायची. तेवढ्यात हवेची धग बदलली, तर वजाबाकीतही चूक उरते. हाच तो वातावरणाचा गोंगाट.

'सोफिया'ने चंद्राच्या उन्हातल्या भागावर पाणी असल्याचे दाखवले. ते २०२० मध्ये जाहीर झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये हे विमान बंद झाले. कारण दिले गेले ते खर्चाचे, वर्षाला सुमारे साडेआठ कोटी डॉलर. कारण खोटे नाही, पण जागा रिकामी राहिली. जेम्स वेब दुर्बीण साधारण २८ मायक्रॉनपर्यंतच पाहते. तारे जन्मतात त्या मेघांतील कार्बनची महत्त्वाची खूण १५८ मायक्रॉनवर आहे. ती पाहणारी हर्शेल अवकाश दुर्बीणही २०१३ मध्येच थांबली.

नेमकी हीच खूण मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था जपानी शास्त्रज्ञांच्या साथीने टिपत आली आहे. एक मीटरची दुर्बीण बलूनला बांधून हैदराबादहून सुमारे ३० किलोमीटर उंच सोडतात. तिथे विमानाहूनही कमी हवा, म्हणून गोंगाटही कमी.

चांद्रयानाचे कौतुक करताना आपण या बलूनचे नावही घेत नाही. माझे म्हणणे साधे आहे. जगाने जागा मोकळी सोडली असताना, आपल्याकडे असलेले हे कसब पैशाअभावी किंवा दुर्लक्षाने गमावू नये. त्याला निधी द्यावा आणि शाळेत मुलांना त्याविषयी सांगावे.