जुन्या सुमोचा जीर्णोद्धार

घरची मोटार जुनी झाली की तिच्याविषयी दोन मते ऐकू येतात. वडीलधारी मंडळी म्हणतात, चालते आहे तोवर चालू द्या. तरुण मंडळी म्हणतात, थोडी सजवली तर नव्यासारखी दिसेल. आम्हांला ही दोन्ही मते सारखीच अपुरी वाटतात. पहिल्यात आळस आहे, दुसऱ्यात हौस आहे. गाडीच्या प्रकृतीचा विचार मात्र दोहोंतही नाही.

आमच्या बेळगाव भागात हा प्रश्न पुष्कळदा टाटा सुमोविषयी निघतो. १९९४ साली बाजारात आलेली ही गाडी पुण्याच्या कारखान्यात तयार होई. टेल्कोची उभारणी ज्यांच्या नेतृत्वाखाली झाली त्या सुमंत मूळगावकरांच्या नावाची व आडनावाची आद्याक्षरे जोडून तिचे नामकरण झाले. २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तेव्हा ज्यांच्या दारी ती अद्याप उभी आहे, त्यांतील कित्येकांची गाडी नोंदणीची पहिली १५ वर्षे पुरी करून पुढच्या ५-५ वर्षांच्या मुदतीवर चालली आहे. अशा गाडीत आठ-नऊ माणसे बसवून ऐन पावसात चोर्ल्याचा किंवा आंबोलीचा घाट उतरावयाचा, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे प्राण तिच्या जीर्ण अवयवांवर सोपवावयाचे. म्हणून आमचे मत असे की, जुन्या गाडीला काही नवे जोडण्याआधी तिचे मूळचे जे हरपले आहे ते तिला परत मिळवून द्यावे. आणि यातील बराचसा भाग घरच्या घरी, एक पान्यांचा संच आणि एक मल्टिमीटर एवढ्या सामग्रीवर होण्याजोगा आहे.

दिव्यांचेच पाहा. जुन्या गाडीचे हेडलाइट मंद पडले की आमचे तरुण मित्र १०० वॉटचे बल्ब आणून बसवतात. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि ६० वॉटसाठी ओढलेल्या जुन्या तारा तापून त्यांचे आवरण वितळू लागते. वस्तुतः दोष बहुधा बल्बात नसतो. तो तारांच्या गंजलेल्या जोडांत आणि झिजलेल्या बटणात असतो. विद्यार्थिमित्रांनी येथे थोडे गणित करावे. ६० वॉटचे दोन दिवे १२ व्होल्टवर मिळून १० अँपिअर प्रवाह घेतात. वाटेत ०.१२ ओहम एवढाच विरोध असला तरी १.२ व्होल्ट तेथेच खर्ची पडतात आणि दिव्याला १०.८ व्होल्टच मिळतात. दाब दहा टक्क्यांनी उतरला, पण प्रकाश तेवढ्यावर थांबत नाही; तंतूच्या दिव्याचा प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो! उपाय साधा आहे. बॅटरीची टोके व बॉडीला जोडलेली अर्थिंगची तार घासून लख्ख करावी. बॅटरीपासून एक जाड तार फ्यूजमधून रिलेला आणि रिलेतून दिव्यांना न्यावी. जुन्या बटणाकडे केवळ रिले चालू करण्याचे हलके काम ठेवावे. बॅटरीचे ऋण टोक आधी सोडून मगच हे काम हाती घ्यावे. मूळचे ६० वॉटचे बल्ब मग असे उजळतात की, नवे घेतल्याचा भास व्हावा. ओहमचा नियम पाठ करणाऱ्या आमच्या दहावीच्या वर्गाने तो एकदा तरी असा बॉनेटखाली पाहावा, असे आम्हांला फार वाटते.

ब्रेकच्या बाबतीत आम्ही अधिक कडक आहो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा हळूहळू शोषून घेते. नव्या डॉट-३ प्रतीच्या तेलाचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरल्यावर तो १४० अंशांच्या आसपास उतरू शकतो. लांबच्या उतारावर ब्रेक सारखे दाबले की ते तापतात, तेलातल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ दाबाखाली दबत असल्यामुळे पेडल स्पंजासारखे मऊ लागून पायाखाली जाते. घाटातील पुढचे वर्णन करण्याची आवश्यकता नाही. दर दोन वर्षांनी हे तेल बदलण्यास लागणारा खर्च एका झगमगीत भोंग्याहूनही कमी येतो. परंतु हे काम जाणत्या मिस्त्रीच्या देखरेखीवाचून करू नये. मुलाने किंवा मुलीने पेडल दाबून धरावे, मिस्त्रीने चाकाजवळचा निपल सैल करावा, अशी ती दोघांची जोडी असावी. (मुलीने म्हणण्याचे कारण, पाना हाती देताना आमच्या घरांतून अद्यापही केवळ मुलालाच हाक मारली जाते.) आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, कितीही घाई असली तरी, शिरू नये; खाली लोखंडी घोड्या लावल्याच पाहिजेत.

मिस्त्रीमंडळींचे ज्ञान मोठे आहे. आमच्या उद्यमबागेतील कारागिरांविषयी आम्हांला अभिमानच वाटतो. तथापि त्यांच्यातील एका रूढीशी आमचा वाद आहे. इंजिन थोडे तापले की थर्मोस्टॅट काढून फेकून द्यावयाचा! हा छोटासा झडप-यंत्र इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो काढला की इंजिन योग्य उष्णतेला उशिरा पोहोचते, डिझेल अधिक जळते, झीज वाढते. आणि तापण्याचे खरे कारण, म्हणजे नळाच्या पाण्याने आत धरलेले क्षार, तसेच राहते. रेडिएटर साफ करून कूलंट भरावा व थर्मोस्टॅट नवा बसवावा, हेच योग्य. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन पूर्ण निवल्यावरच उघडावे.

चेसिसला जळके ऑइल फासण्याची चालही आम्हांला पसंत नाही. त्याने गंज थोडा लांबतो खरा, पण रबरी बुश फुगून खराब होतात. पावसाळा संपताच खालचा चिखल धुऊन, तारेच्या ब्रशाने गंज खरवडून रेडऑक्साइड लावणे हे एका रविवारचे काम आहे.

आता सजावटीविषयी. गाडीच्या तोंडावर लावलेली लोखंडी नळ्यांची चौकट, जिला बुल बार म्हणतात, तिच्याविषयी तरुणांना विलक्षण ओढ असते. ती पादचाऱ्याला अधिक जबर इजा करते आणि टकरीचा धक्का सरळ चेसिसवर नेते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा आधार घेऊन केंद्र सरकारच्या परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये अशा चौकटींवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले. निर्मात्याच्या मूळ रचनेविरुद्ध केलेले बदल मान्य होणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये सांगितले. मोठ्या टायरांचेही तसेच. टायरचा व्यास पाच टक्क्यांनी वाढला की, काटा ६० दाखवीत असता गाडी ६३ च्या वेगाने धावत असते. मूळ मापाचेच, पण ताजे टायर घ्यावे. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत झिजली की टायर संपला.

कोणी म्हणेल, एवढी खटपट करण्यापेक्षा गाडी मोडीत का काढू नये? या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते आम्ही नाकारीत नाही. जुन्या डिझेल इंजिनाचा धूर नव्या गाडीहून अधिक असतो. फिल्टर बदलून व नोझल तपासून तो कमी होतो, नव्याच्या पंक्तीला मात्र बसत नाही. ज्या घराला दुसरी गाडी घेण्याचे बळ नाही, त्याने हीच नीट राखावी आणि चालवावी बेताने. घाटाला, लग्नकार्याला, आजारी माणसाला दवाखान्यात नेण्याला ती असावी. शाळेपर्यंत यायला सायकल पुरते.