रक्ताची उलटी होण्याआधी दुर्बीण

लिव्हर खराब झालेल्या माणसाला रक्ताची उलटी झाली की वस्तीत एकच धावपळ उडते. गाडी शोधा, पैसे जमवा, पुण्याला न्या. मंचरहून पुणे साठ किलोमीटर, जुन्नरहून नव्वदच्या आसपास. पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यातून तर त्याहून लांब. असा रक्तस्राव झाल्यावर उपचार मिळूनही साधारण सहांपैकी एक रुग्ण दीड महिन्यात दगावतो. आमचे म्हणणे एवढेच आहे, की हे संकट बहुतेक वेळा आधी ओळखता येते, आणि ते ओळखून घेणे हा गरिबाचाही हक्क आहे.

सिरॉसिसमध्ये यकृत कडक होते. आतड्यांकडून येणारे रक्त त्यातून सहज जात नाही, दाब वाढतो आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. फुगलेली शीर फुटली की रक्त येते. धोका किती, हे डॉक्टर काही खुणांवरून ठरवतात. प्लेटलेट कमी आहेत का? पाणथरी वाढली आहे का? पोटात पाणी, कावीळ आहे का? शेवटी दुर्बिणीतून, म्हणजे एंडोस्कोपीने, शिरा किती मोठ्या आहेत आणि त्यांवर लाल ठिपके आहेत का, हे दिसते. प्लेटलेट दीड लाखाच्या वर आणि फायब्रोस्कॅनचा आकडा २० च्या खाली असेल, तर दुर्बीण सहसा लगेच लागत नाही, असे २०१५ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी ठरवले. शिरा मोठ्या निघाल्या तर प्रोप्रानोलॉल किंवा कार्व्हेडिलॉलसारखी गोळी देतात, नाहीतर शिरेला रबर बँड लावतात.

मग आपली माणसे आधी का जात नाहीत? खर्च आहे, रोज बुडतो. पण लाजही आहे. 'पिऊन लिव्हर घालवले' हे ऐकावे लागेल म्हणून रुग्ण आजार लपवतो. हिपॅटायटिस बी आणि सी, मधुमेह आणि लठ्ठपणा यांनीही सिरॉसिस होतो. पाचवे शील आम्ही आग्रहाने सांगू. दारू सोडली तर खराब लिव्हरलाही फायदा होतो. पण ते शील रुग्णाला हिणवण्यासाठी नाही.

घरात सिरॉसिसचा रुग्ण असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: 'दुर्बीण कधी करायची? शिरा केवढ्या आहेत? गोळी लागेल का?' महात्मा फुले योजनेबद्दल आरोग्यमित्राला विचारा. अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन मनाने देऊ नका. डांबरासारखी काळी शौच झाली तरी तो रक्तस्रावच समजा आणि लगेच १०८ ला फोन करा.

आणि शासनाकडे आमची मागणी: मंचर व नारायणगावच्या सरकारी रुग्णालयांत या तपासणीचा ठरलेला दिवस असावा. वस्तीतल्या मंडळांनी हे निवेदन एकत्र द्यावे.