पाण्याचं मशीन नंतर विका, आधी पाण्याचा हिशेब विका



सध्या एक प्रश्न खूप जण विचारतात. "सर, टाकीत सेन्सर, मोबाईलवर अ‍ॅप, घरबसल्या पाण्याची माहिती. याची एजन्सी घेतली तर आपल्या भागात चालेल का?"

माझं मत सरळ आहे. धंदा चालेल, पण नुसता डबा विकणाऱ्याचा फार दिवस चालणार नाही. जो मालकाला त्याच्या पाण्याचा हिशेब काढून देईल, त्याच्याकडे लोक परत परत येतील.

आधी एक गैरसमज काढून टाका. "खेड्यातले लोक असलं स्मार्ट-बिर्ट काही घेत नाहीत" असं म्हणणाऱ्यांनी शिवारात एक चक्कर मारावी. कितीतरी विहिरींवर मोबाईल स्टार्टर बसलेत. शेतीची थ्री-फेज लाइन कधी दिवसा, कधी रात्री. रात्री दोन वाजता लाइन आली, तर अंधारात, साप-विंचवाच्या भीतीत कोण जाईल? घरून मिस्ड कॉल दिला की मोटर सुरू. शेतकऱ्यानं ते यंत्र 'स्मार्ट' आहे म्हणून घेतलं नाही, त्याची रात्रीची चक्कर वाचली म्हणून घेतलं. तुमचं सेन्सर कोणाची कोणती चक्कर वाचवणार? याचं उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर एजन्सीचं डिपॉझिट भरू नका.

दुकानात गिऱ्हाईक पहिला प्रश्न काय विचारते? "भाऊ, हे लावलं तर पानी वाढते काय?" खरं सांगा, वाढत नाही. सेन्सर पाणी तयार करत नाही, वाया कुठं जातं ते दाखवतं. मग ते वाया जाणं थांबवायचं काम माणसालाच करावं लागतं.

मोजण्याची ताकद बघायची असेल तर दोन गावं बघा. कराडजवळचं मलकापूर. तिथं चोवीस तास पाणी देताना नळाला दुरून रीडिंग घेता येणारे मीटर बसवले आणि जास्त वापराला जास्त दर लावला. दुसरं, अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. तिथं दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात. एका ठिकाणी आधुनिक मीटर, दुसऱ्या ठिकाणी पर्जन्यमापक आणि ग्रामसभा. दोन्हीकडे आकडा आला, तसा त्यावर निर्णयही झाला. आकडा बघून कोणी काहीच करणार नसेल, तर अ‍ॅप म्हणजे नुसतं खेळणं.

आता आपलं गिऱ्हाईक कोण? चार माणसांचं घर नाही, त्यांना साधा फ्लोट स्विच पुरतो. आपलं गिऱ्हाईक म्हणजे जिथं वापरणारा वेगळा आणि पैसे भरणारा वेगळा. भाड्याच्या खोल्या, होस्टेल, लॉज, मंगल कार्यालय, दवाखाना. पोहरादेवी, कारंजा, शिरपूर जैन इथं येणाऱ्या भाविकांची राहण्याची ठिकाणं. तिथं नळ कोणी उघडा ठेवला हे मालकाला कळत नाही, पण टँकरचं बिल मात्र त्यालाच येतं.

अशा मालकाकडे ब्रोशर घेऊन जाऊ नका. टेप आणि काठी घेऊन जा.

१) टाकीचं माप घ्या. सरळ भिंतींची 2 मीटर बाय 2 मीटर टाकी असेल, तर पाणी 1 सेंटीमीटर उतरलं म्हणजे 40 लिटर गेलं.

२) रात्री सगळे नळ आणि मोटर बंद झाल्यावर पातळी बघा. पहाटे कोणी उठायच्या आधी परत बघा. 6 सेंटीमीटर उतरली? म्हणजे 240 लिटर कोणी न वापरताच गेलं.

३) ओव्हरफ्लो मोजा. समजा मोटर मिनिटाला 20 लिटर पाणी फेकते आणि टाकी सकाळ-संध्याकाळ 15-15 मिनिटं वाहते. रोजचे 600 लिटर, महिन्याचे 18,000. म्हणजे पाच हजारांचे साडेतीन टँकर गटारात. वर मोटरचं लाइट बिल वेगळं.

हा कागद मालकाच्या हातात द्या. मग तोच विचारेल, "यावर उपाय काय?" कधी उपाय फक्त एक वॉशर असेल. तर वॉशरच बदला, त्याचे पैसे घ्या. पाच रुपयांत होणाऱ्या कामाला पाच हजारांचं यंत्र लावलं, तर गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. आपल्याकडे जाहिरात पानठेल्यावर होते, चांगलीही आणि वाईटही.

यंत्र लावायची वेळ आली की जागा बघून निवडा. ढाकणाखाली वाफेचे थेंब जमले की अल्ट्रासॉनिक सेन्सर चुकीची पातळी दाखवू शकतो. जड पाण्याचा क्षार बसला की चाकाचं मीटर अडकतं. नळाला पाणी येताना आधी पाइपातली हवा सुटते आणि तीही मीटर फिरवते. म्हणून खोल्यांचा वापर मोजायचा असेल, तर मीटर टाकीतून खाली येणाऱ्या, कायम भरलेल्या लाइनवर लावा. तिथं मोबाईलची रेंज आहे का, बॅटरी कोण बदलणार, हेही आधीच ठरवा. हीच तुमची वार्षिक सर्व्हिस आणि हीच तुमची खरी कमाई. लांबच्या शहरातली कंपनी एका सेन्सरसाठी इंझोरीला माणूस पाठवणार नाही. तुम्ही मात्र अर्ध्या तासात पोचाल.

शेवटचा मुद्दा, माझ्या दृष्टीनं सर्वात महत्त्वाचा. मीटर मालकाच्या हातात हत्यारही होऊ शकतं. भाडेकरूला रीडिंग न दाखवता "तुमचं पाणी जास्त झालं" म्हणून पैसे कापणं सोपं आहे. तुम्ही यंत्र बसवणार असाल तर एक अट घाला: जो आकडा मालकाला दिसेल, तोच भाडेकरूलाही दिसला पाहिजे. आणि भाडेकरूच्या नळाचं पाणी दुरून बंद करायची सोय मागितली, तर नाही म्हणा. ऑर्डर गेली तरी चालेल. पाणी तोडून वसुली करणाऱ्याचे भागीदार होऊ नका. आज जो खोलीत राहतो, तो उद्या स्वतःचं घर बांधणार आहे, आणि तेव्हा फिटिंगला कोणाला बोलवायचं हे तो विसरणार नाही.

म्हणून एजन्सीचा फॉर्म भरायच्या आधी या आठवड्यात ओळखीच्या तीन मालकांच्या टाक्या मोजा. भांडवल एक टेप, एक काठी, एक वही. तिघांपैकी एकानं जरी "पुढच्या महिन्यात परत येऊन मोजून द्या" म्हटलं, तर समजा तुमचा धंदा सुरू झाला.